मृगाच्या आधी हात लावायचा नाही

लिनक्सच्या कुळात उबंटू हा त्यातल्या त्यात घरगुती स्वभावाचा. त्याची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा निघते, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. पहिली २००४ च्या ऑक्टोबरात निघाली, तिचा क्रमांक ४.१०, म्हणजे साल चार, महिना दहा. तेव्हापासून या मंडळींनी हे महिने पाळले आहेत. एकदाच काय ते २००६ साली काम आटोपलं नाही, एप्रिलची आवृत्ती जूनवर गेली आणि ६.०४ ची ६.०६ झाली. सरकारी कालव्याखाली वाढलेल्या माणसाला दोन महिन्यांचा उशीर म्हणजे वेळेआधीच वाटतो, ते सोडा.

हे महिने ठरवताना जालना जिल्हा कोणाच्या डोळ्यांसमोर असेल असं नाही. पण एप्रिल म्हणजे आमच्याकडे पाडवा होऊन गेलेला असतो आणि खरिपाचं बियाणं गोदामात उतरायला लागलेलं असतं. ऑक्टोबर म्हणजे रब्बीची लगबग, हरभरा आणि ज्वारी. आणि नेमके हेच दोन मुहूर्त धरून माझ्या मामांच्या दुकानातल्या संगणकावर एक चौकट उगवायची आणि अदबीनं विचारायची, नवी आवृत्ती आली आहे, घ्यायची का? समोर काउंटरवर दहा माणसं कपाशीची पाकिटं मागत उभी असायची. मामा चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे. मी ‘नंतर’ या बटणावर टिचकी मारायचो.

मामांचं मोंढ्याजवळ कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खत, औषधं आणि या तिन्हींपेक्षा जास्त उधारी. भाचा संगणकातलं थोडंफार जाणतो हे त्यांना कळल्यापासून त्या मशीनचा सालगडी मीच. लिनक्स त्यांच्याकडे आलं तेसुद्धा त्यांच्या धंद्याच्या रीतीनं आलं. त्या काळी उबंटूवाले मागेल त्याला पोस्टानं फुकट सीडी धाडायचे. २०११ साली त्यांनी ही पद्धत बंद केली. पोस्टमननं पाकीट दिलं तेव्हा मामांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, “नमुना पाकीट हाय म्हण की. कंपनीवाले बी असंच देतेत. पुढच्या साली पैसे मागतेन.”

पैसे कोणी मागितले नाहीत. त्यामुळे मामांचा संशय मात्र वाढला, तो आजतागायत गेलेला नाही.

नमुन्याबद्दल मामांना शहाणपण शिकवायला जाणं हा आगाऊपणा होईल. जालना हे बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथेच महिको काढली. सुरुवात भेंडीच्या पुसा सावनी वाणापासून, मग संकरित ज्वारी, बाजरी, कपाशी, आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पुढे एकामागून एक कंपन्या उभ्या राहिल्या. अशा गावात नव्या वाणाचं कौतुक जितकं, तितकीच त्याची पारख. मामांकडे दर हंगामाला कोणीतरी टाय लावलेला पोरगा येतो आणि सांगतो, की हे वाण म्हणजे मागच्या सगळ्यांचा बाप आहे. मामा त्याला चहा पाजतात आणि चार ओळखीच्या शेतकऱ्यांना एकेक पाकीट देतात. बांधाच्या कडेनं दोन तासं हे पेर, बाकी रान नेहमीच्या बियाण्याचं. दिवाळीला येऊन सांग बोंड कसं भरलं. एवढं झाल्यावर पुढच्या साली ते वाण फळीवर चढतं, किंवा चढत नाही.

हाच कायदा त्यांनी संगणकाला लावला. “दोन तासं आधी दुसऱ्याच्या रानात उगवू दे,” असं ते प्रत्येक नव्या आवृत्तीला म्हणत. आणि कायद्याचं दुसरं कलम असं, की पाडवा ते मृग या काळात मशीनला बोट लावायचं नाही. मृग जूनच्या सात-आठ तारखेला निघतो. त्याच्या आधीचे तीन आठवडे आणि नंतरचे दोन दुकानात पाय ठेवायला जागा नसते. “चालू हाय ना? मंग कशाला छेडू राहिला?” हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की ते चौकटीच्या खालीच छापून यायला हवं होतं: आता घ्या, नंतर घ्या, कशाला छेडू राहिला.

माझ्या वयाच्या लोकांना नव्याची हाव असते. आवृत्ती निघाली की त्या रात्रीच चढवायची, सकाळी आवाज बंद झालेला असला की दुपारपर्यंत त्याच्यामागे लागायचं आणि संध्याकाळी मित्रांना अभिमानानं सांगायचं. त्यात मजा असते हे खरं. पण दुकान मजेवर चालत नाही. मामांसाठी मग दीर्घ मुदतीची आवृत्ती शोधून बसवली. ती दर दोन वर्षांनी, सम सालातल्या एप्रिलला निघते आणि तिला पाच वर्षं डागडुजी मिळते. मधल्या आवृत्त्यांचं आयुष्य नऊ महिने. मामांना हा हिशोब एकदम पटला. “म्हंजे एक सुधारित आन् बाकीचे संकरित.” मी मान डोलावली. शास्त्र तपासत बसलो नाही.

यातला खरा शहाणा नियम वेगळाच आहे आणि तो मला फार आवडतो. दीर्घ मुदतीची आवृत्ती एप्रिलमध्ये निघाली, तरी आधीच्या दीर्घ मुदतीवाल्यांना चौकट लगेच येत नाही. उतावळ्यांच्या संगणकांवर जे फुटायचं ते फुटतं, दुरुस्त्या होतात, त्या सगळ्या घालून ऑगस्टच्या सुमारास ‘पॉइंट वन’ नावाची आवृत्ती निघते आणि मग आमच्यासारख्यांना विचारणा होते. म्हणजे जगभरातल्या हौशी लोकांच्या रानात दोन तासं आधी पेरून झालेली असतात. २४.०४ ची पॉइंट वन २०२४ च्या २९ ऑगस्टला आली. पोळा त्या वर्षी २ सप्टेंबरला होता. तरीही जुन्यावरून नव्यावर चढायची वाट, एक चूक सापडल्यामुळे, काही दिवस बंद ठेवावी लागली. मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो सोयाबीनचा भाव वाढल्यावरही दिसत नाही.

नावांबद्दल त्यांचं समाधान मी कधी करू शकलो नाही. उबंटूच्या प्रत्येक आवृत्तीला एका प्राण्याचं नाव असतं आणि प्राणी असे निवडतात, की ते शेजाऱ्यालाही माहीत नसावेत. २०.०४ ला मादागास्करचा फोसा, २४.०४ ला ऑस्ट्रेलियातला नुम्बॅट, जो वाळवी खाऊन जगतो. “वाळवी खातो? मंग ह्याला आपल्याकडं आणा,” एवढीच एक व्यापारी दाद मामांनी दिली. उबंटूचा मूळपुरुष डेबियन, तो १९९३ चा. त्याची नावं ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातल्या खेळण्यांवरून. त्याची कायम कच्ची राहणारी शाखा आहे तिला ‘सिड’ म्हणतात. चित्रपटात खेळणी मोडणारा जो शेजारचा पोरगा आहे, त्याचं नाव. इतका प्रामाणिक इशारा औषधाच्या डब्यावरही नसतो. आणि पक्क्या शाखेचा बाणा असा, की तारीख विचारू नका, तयार झालं की देऊ.

डेबियनवाल्यांच्या गंभीर चेहऱ्यामागे एक टवाळ पोर आहे. नवनवे भाग आणून बसवणारा त्यांचा ‘ॲप्ट’ नावाचा कारभारी आहे. टर्मिनलवर त्याचं नाव लिहून पुढे ‘मू’ लिहिलं, की टिंबं आणि रेघांची एक गाय पडद्यावर येते आणि विचारते, आज हंबरलात का? मी ही गंमत पोळ्याच्या दिवशी मामांना दाखवली. त्यांनी बारकाईनं पाहून सांगितलं, की शिंगं नीट नाहीत.

वाट पाहण्याच्या बाजूनं एक मोठी साक्ष २०२४ च्या मार्चअखेरीला मिळाली. ‘एक्सझेड’ हे फायली आवळून लहान करणारं एक साधन, जवळजवळ प्रत्येक लिनक्सच्या पोटात असलेलं. कोणा एकानं दोन वर्षांहून जास्त काळ त्याच्या कामात गोडीगुलाबीनं मदत केली, सगळ्यांचा विश्वास कमावला आणि मग हळूच त्यात चोरवाट ठेवली. ती सापडली कशी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला दुसऱ्या यंत्रात दूरवरून शिरताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. अर्धा सेकंद! आमच्याकडे माणूस अर्धा दिवस उशिरा आला तरी त्याला चहा विचारतात. हा गडी मात्र त्या अर्ध्या सेकंदामागे लागला आणि २९ मार्चला त्यानं जगाला सावध केलं. तोवर ते विष फक्त सगळ्यात ताज्या, कच्च्या शाखांपर्यंत पोहोचलं होतं, आमच्या सिडपर्यंतसुद्धा. मुरलेल्या आवृत्त्या बचावल्या. मामांना एवढंच कळलं, की जो थांबला तो वाचला, आणि ते त्यांना आधीपासून माहीत होतं.

पण इथे मला त्यांच्याशी भांडावं लागतं. आवृत्ती बदलणं वेगळं आणि रोजची किरकोळ डागडुजी वेगळी. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, २००७ पासून पडून असलेली एक फट २०१६ च्या ऑक्टोबरात बुजवली गेली. तिला ‘डर्टी काऊ’ म्हणतात; बघा, पुन्हा गायच. नऊ वर्षं दार लोटलेलं होतं आणि आत असलेल्या कोणालाही मालक होता आलं असतं. अशी दुरुस्ती आली की ती त्याच दिवशी घ्यायची असते, तिथे मृग नाही आणि पोळा नाही. कीड दिसली की फवारायचं, मग मुहूर्त कोण बघतो? हे मी मामांच्याच भाषेत मांडलं. त्यावर ते म्हणाले, “फवारणी सकाळच्या पारी करावी. गिऱ्हाईक असताना नाही.” हे तत्त्व म्हणून मला मान्य करावंच लागलं.

सकाळची पारी मात्र जमली नाही, कारण सकाळी डेटा नवाकोरा असतो आणि तो खर्चायला जीव होत नाही. दुकानातलं इंटरनेट म्हणजे काउंटरवरच्या पोराच्या मोबाइलचा हॉटस्पॉट, रोजचा दीड जीबी. रात्री बाराला उरलेला डेटा मातीमोल होतो. म्हणून आमची डागडुजी रात्री साडेअकराला चालते. शटर अर्धं ओढलेलं, आत ट्यूबलाइट, त्यात दोन-चार मच्छर आणि पडद्यावर सरकणारी पट्टी. त्या पोराला आकडे पाठ झाले आहेत. “दादा, आज ऑफिसचं हाय, साडेतीनशे एमबी,” असं तो लांबूनच सांगतो. ब्राउझर आला की तोंड वाकडं करतो, कारण ब्राउझर दर महिन्याला येतो आणि बदल काय झाला ते कधी दिसत नाही. पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत, हे त्याला पहिल्या दिवशी सांगायचं राहिलं होतं. त्यानं कळफलक उलटा करून झटकला आणि आतून बरेच भाजके फुटाणे निघाले. ते तसंही कधीतरी व्हायलाच हवं होतं.

वीज हा वेगळा विषय. भारनियमनाचे जे दिवस होते, २००५ नंतरची काही वर्षं, त्यांत अर्ध्या अपडेटवर वीज जाणं हा नित्याचा प्रकार. बॅटरी दहा मिनिटं धरायची, तेवढ्यात पट्टी ऐंशी टक्क्यांवर येऊन रेंगाळायची. नंतर मशीन सुरू केलं, की कारभारी रुसलेला असायचा: मागचं काम अर्धवट आहे, पुढचं करणार नाही. पण त्याचा स्वभाव असा चांगला, की रुसताना काय केलं म्हणजे रुसवा जाईल तेही लिहून ठेवतो. ‘सुडो डीपीकेजी’ म्हणायचं, पुढे ‘कॉन्फिगर’ आणि शेवटी एक ‘ए’. मग तो जिथे थांबला होता तिथून निमूट पुढे जातो. शिवाय नवा कर्नल बसवताना जुना लगेच काढत नाहीत. नवा उठला नाही, तर सुरुवातीच्या यादीतून जुन्याला हाक मारता येते. घराण्यात म्हातारं माणूस ठेवण्याची ही रीत मामांना सगळ्यात जास्त पटलेली. ते स्वतः सत्तरीचे आहेत.

आता एक अशी अपग्रेड सांगतो, जिच्यापुढे मामांचाही कायदा वाकला. दुकानात औषधांची यादी मराठीत. त्यात ॲसिफेट आणि ॲसिटामिप्रिड ही दोन्ही कपाशीवरच्या मावा-तुडतुड्यांची, म्हणजे भरपूर खपाची. आणि ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी लोक ‘अ’ काढून त्याच्या डोक्यावर चंद्र बसवायचे, आणि कित्येक फाँटांना ती जोडी पसंत नसल्यामुळे चंद्र एका रिकाम्या ठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसायचा. जुन्या मशीनवर नवं अक्षर टाकलं तर नुसता चौकोन. गिऱ्हाइकाच्या बिलावर लिहून यायचं: चौकोन, सिफेट. शेतकरी विचारायचा, हे कोणतं नवीन औषध? अक्षर नीट उमटावं म्हणून फाँट नवे हवेत, आणि फाँट अपडेटमधून येतात. रुपयाच्या चिन्हाचीही तीच कथा. सरकारनं ते १५ जुलै २०१० ला मान्य केलं, ऑक्टोबरात ते युनिकोडमध्ये शिरलं, आणि मग प्रत्येक फाँटात एकेक करून उगवत गेलं. तोवर बिलावर ‘रु.’ होतं आणि त्यानं कोणाचं अडत नव्हतं, असं मामा म्हणतात. चौकोनानं मात्र अडत होतं.

आवृत्ती चढवली. ॲसिफेट स्वच्छ उमटलं. दुकानात आनंदी आनंद. आणि आठवड्यानं साठ्याचा हिशोब लागेना. यादीत ॲसिफेट दोन झाले होते, एक जुन्या पद्धतीनं जोडून लिहिलेलं आणि एक नव्या सलग अक्षराचं. डोळ्यांना एकसारखे, सख्खे जुळे. संगणकाला ते दोन वेगळे माल. एकाचा साठा संपलेला, दुसऱ्याचा सुरू. काउंटरवरचं पोरगं एका गिऱ्हाइकाला ‘संपलं’ सांगत होतं आणि पाठीमागे खोकी रचलेली होती. हे दोन ‘ॲ’ एकमेकांचे भाऊ आहेत असं मानायला युनिकोडचे नियमही तयार नाहीत, त्यामुळे शोधून-बदलून हाच उपाय. तो करायला एक रविवार पुरला. मामांनी त्या रविवारी जेवण पाठवलं, त्यात धपाटे होते. म्हणजे फार राग नसावा.

मग २०२५ चा ऑक्टोबर आला. विंडोज १० ची मोफत डागडुजी १४ तारखेला थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही अलीकडचा लागतो, त्यामुळे मोंढ्यातली बरीच धडधाकट मशीनं एका तारखेत म्हातारी ठरली. जालन्यात जुनं लोखंड हा काही दुःखाचा विषय नाही. औद्योगिक वसाहतीत भट्ट्या आहेत, देशभरातून भंगार येतं, वितळतं, आणि सळया होऊन कोणाच्या तरी स्लॅबमध्ये जातं. शेजारचा अडत्या त्याचा संगणक तिकडेच धाडणार होता. मामांनी मध्ये हात घालून तो पाचशे रुपयांना घेतला आणि मला म्हणाले, “हे आपलं बांधाकडचं मशीन.”

तर आता दुकानात दोन मशीनं आहेत. एकावर धंदा. दुसरं कोपऱ्यात, खताच्या पोत्यांमागे. त्याच्यावर मी दिवाळीनंतर आधी २२.०४ बसवलं, धंद्याच्या मशीनची सगळी नक्कल उतरवली आणि मग २४.०४ ला चढवलं. मामा खुर्ची ओढून शेजारी बसले होते. दीड तास लागला. मध्ये दोनदा विचारणा झाली, की तुमची जुनी मांडणी ठेवू की माझी नवी घालू. दोन्ही वेळा मामांनी माझ्या आधी उत्तर दिलं. उधारीची वही उघडली. ॲसिफेट एकच निघालं. आवाज आला, इंटरनेट आलं. मी विजयी मुद्रेनं त्यांच्याकडे पाहिलं.

“बिल काढ,” ते म्हणाले.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरला. बिल आलं, पण सगळं अर्धा इंच खाली सरकलेलं. दुकानाच्या छापील नावाखाली मोकळी पट्टी आणि तळाशी एकूण रक्कम सहीच्या रेघेवर चढलेली. मी समासाची मांडणी उघडली, ड्रायव्हर बदलून पाहिला, इंग्रजीत तीन-चार पानं वाचली. तेवढ्यात अर्धा तास गेला. मामांनी मध्ये एकदा विचारलं, २२.०४ ला अजून मुदत किती? २०२७ च्या एप्रिलपर्यंत, मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि काउंटरवरच्या पोराला हाक मारली.

“काय रे, कागद अर्धा इंच वर लावता येतो का?”

पोरानं कागद वर सरकवला आणि बिल बरोबर आलं.